मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी: एका ग्रंथालयाच्या समाजमाध्यमांचं प्रकरण

हे प्रकरण एका महाविद्यालयीन ग्रंथालयातलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. मी तिथे संदर्भ विभाग पाहत होते, त्यामुळे यातल्या बऱ्याच निर्णयांत माझाही हात आहे. बाहेरून पाहिल्यासारखं लिहिण्यात काही अर्थ नाही.

पार्श्वभूमी

आम्ही सहा जण होतो: ग्रंथपाल मॅडम, देवघेव काउंटरवरचा एक तरुण सहकारी, तालिकीकरण म्हणजे पुस्तकांची सूची करणाऱ्या ज्येष्ठ बाई, नियतकालिकं पाहणारे सर, एक परिचर आणि मी. ग्रंथालयाची संगणकप्रणाली कोहा. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासात जानेवारी २००० मध्ये सुरू झालेली ही मुक्त, म्हणजे कुणालाही मोफत वापरता आणि बदलता येणारी प्रणाली आमच्याकडेही बरीच वर्षं चालू होती. चालू म्हणजे काय, तर पुस्तक देणं, परत घेणं आणि शोधणं. बाकीचे मेनू आम्ही कधी उघडलेही नव्हते. त्याची किंमत पुढे कळली.

समाजमाध्यमांची टूम वाचकांनी काढली नव्हती. एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, ‘ग्रंथालय ऑनलाइन कुठे दिसतच नाही,’ आणि ते मॅडमना लागलं. ठरलं की दर आठवड्याचा शेवटचा तास सगळ्यांनी मिळून एकेक नवं साधन हाताळायचं. त्यासाठी मी एक जुना नमुना शोधून आणला. ‘लायब्ररी २.०’, म्हणजे इंटरनेटच्या नव्या साधनांतून वाचकांनाही सहभागी करून घेणारं ग्रंथालय, हा शब्द अमेरिकेतल्या मायकेल केसी यांनी २००५ मध्ये आपल्या ब्लॉगवर वापरला आणि तो ग्रंथपालांच्या जगात पसरला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या शार्लट आणि मेक्लेनबर्ग परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलीन ब्लोवर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी ‘२३ गोष्टी’ हा स्वयंशिक्षणाचा उपक्रम आखला. ब्लॉग उघडा, छायाचित्र चढवा, आरएसएस फीड (संकेतस्थळावरचं नवं आपोआप आणून देणारी सोय) जोडा, टॅग लावा, अशी छोटी छोटी कामं. जो सगळी पूर्ण करेल त्याला एमपी३ प्लेअर. उपक्रम क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त वापराच्या परवान्याखाली असल्यामुळे जगभरच्या ग्रंथालयांनी तो उचलला आणि आपापल्या परीने बदलला.

आम्हीही उचलला, पण पंधरा-सोळा वर्षांनी. त्या धाटणीच्या जुन्या याद्या घेऊन बसलो तर निम्मी दारं बंद. अशी फीड वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ लाच बंद झालेलं. दुवे साठवायचं डेलिशस २०१७ मध्ये विकलं जाऊन नुसतं वाचण्यापुरतं उरलेलं. तालिकीकरणवाल्या बाई पहिल्याच तासाला म्हणाल्या, ‘अहो, ही तर निर्लेखन झालेल्या पुस्तकांची यादी आहे.’ निर्लेखन म्हणजे निकामी पुस्तक नोंदीतून कायमचं काढणं. आम्ही हसलो. खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता. ज्यावर आपण वाचकाला आणून बसवणार ते उद्या राहील का, हा प्रश्न त्यांनी विनोदात का होईना, पण पहिल्याच दिवशी विचारला होता.

थांबलो मात्र नाही. तीन महिन्यांत आमची सात खाती झाली: फेसबुक पान, इन्स्टाग्राम, ट्विटर, टेलिग्राम वाहिनी, यूट्यूब वाहिनी, ब्लॉग आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. जो ज्या तासाला उत्साहात असेल त्याने आपल्या फोनवरून, आपल्या ईमेलवरून खातं उघडलं. देवघेवीतला सहकारी सगळ्यात हौशी, म्हणून सातांपैकी पाच त्याच्या नावावर. तेव्हा कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. उलट ‘तो करतोय ना सगळं’ म्हणून आम्ही निश्चिंत होतो.

अडचण

सातांपैकी खरोखर चालत होता तो फक्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. वाचनकक्षाची वेळ बदलली, नवी पुस्तकं आली, परीक्षेच्या काळात कक्ष उशिरापर्यंत उघडा राहणार, हे तिथे टाकलं की मिनिटभरात पोचायचं. विद्यार्थी उलट प्रश्न विचारायचे आणि सहकारी उत्तर द्यायचा, कधी कधी रात्री अकरा वाजता. आम्हाला तो उपक्रमाचा विजय वाटत होता. त्याच्या घरी काय वाटत असेल, हे आम्ही विचारलं नाही.

मग सत्र संपायला आलं. मुदत उलटलेली पुस्तकं परत येत नव्हती. आमच्याकडे वर्षानुवर्षांची पद्धत होती: कोहातून यादी काढायची, छापायची आणि दारातल्या काचेच्या सूचना फलकात लावायची. विद्यार्थ्याचं नाव, पुस्तकाचं शीर्षक, देय तारीख. सहकाऱ्याने यंदा तीच यादी फलकाबरोबर ग्रुपवरही टाकली. कागदाचा फोटो काढला, खाली ‘कृपया लवकर परत करावीत’ लिहिलं आणि तो घरी गेला.

यादीत एका विद्यार्थ्याच्या नावासमोर नैराश्यातून बाहेर पडण्याबद्दलच्या एका पुस्तकाचं शीर्षक होतं. पाच मिनिटांत कुणीतरी त्या ओळीभोवती लाल वर्तुळ काढून तोच फोटो पुन्हा ग्रुपवर टाकला. त्याखाली दोन हसणारे चेहरे उमटले. एकाने त्याला उद्देशून ‘काय रे, बरा आहेस ना?’ असंही लिहिलं. तो मुलगा रात्रीच ग्रुपमधून बाहेर पडला. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी दुपारी समजलं, तेही त्याची मैत्रीण माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली म्हणून. ती रागावली नव्हती. तिने फोन पुढे केला आणि एवढंच म्हणाली, ‘मॅडम, हे तुमच्याकडून आलंय.’

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला संदेश सर्वांसाठी काढून टाकायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो, आणि ग्रुपच्या अ‍ॅडमिनला इतरांचे संदेशही काढता येतात. आम्ही यादी पुसली, लाल वर्तुळाचा फोटो पुसला, शेरेही पुसले. जागोजागी ‘हा संदेश काढून टाकला आहे’ अशा ओळी उरल्या, आणि ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं ते विचारू लागले, काय होतं? मग ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी सांगितलं.

त्या दुपारचा दुसरा निर्णय मला अजून खटकतो. ग्रुपवर खुलासा टाकायचं ठरलं आणि मसुदा मी केला: ‘ग्रंथालयाकडून चुकून चुकीची माहिती प्रसारित झाली, क्षमस्व.’ माहिती चुकीची नव्हती. ती खरी होती, म्हणूनच दुखावणारी होती. ‘चुकीची’ हा शब्द मी आमच्या सोयीसाठी घातला, आणि त्या मुलाच्या मित्रांना ते बरोबर कळलं. मॅडमनी नंतर त्याला वेगळं भेटून सरळ माफी मागितली. तो ‘ठीक आहे’ म्हणाला. पुस्तक मात्र त्याने काउंटरवर आणून दिलं नाही, वेळ संपल्यावर परतपेटीत टाकलं.

याच सुमारास आणखी दोन गोष्टी बाहेर आल्या. एका विद्यार्थिनीला अनोळखी क्रमांकावरून संदेश येत होते. ग्रुपमधल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा क्रमांक दिसतो, आणि तिचा क्रमांक तिथूनच घेतला गेला होता. दुसरी गोष्ट म्हणजे सहकाऱ्याला दुसरीकडे नोकरी लागली आणि तो महिन्याभरात जाणार होता. त्याच्याबरोबर पाच खाती जाणार, हे आमच्या ध्यानात आलं तेव्हा त्याचे शेवटचे नऊ दिवस उरले होते.

बैठकीत काय बोललं गेलं

सहकाऱ्याने आपली बाजू मांडली ती ऐकण्यासारखी होती. तो म्हणाला, ‘मी नवीन काय केलं? हीच यादी फलकावर आपण कायम लावतो. आणि पूर्वी तर पुस्तकाच्या खिशातल्या कार्डावर कुणी कुणी नेलं त्यांची नावं असायचीच की. पुढच्या वाचकाला सगळं दिसायचं.’

त्याचं म्हणणं खरं होतं. वाचक काय वाचतो ते ग्रंथपालाने गुप्त ठेवावं हे तत्त्व आपल्या व्यवसायात नवं नाही. अमेरिकन ग्रंथालय संघाच्या १९३९ च्या आचारसंहितेत ते आहे, ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे इफ्लाच्या २०१२ च्या आचारसंहितेतही आहे. आम्ही सगळे ते परीक्षेत लिहून पास झालेलो. तरीही काचेच्या फलकाकडे बघून आमच्यापैकी कुणाला ते कधी आठवलं नव्हतं. फलकासमोरून येणारे-जाणारे एक नजर टाकायचे, पंधरा दिवसांनी कागद उतरायचा आणि गोष्ट संपायची. फोनवर आल्यावर तोच कागद शेकडो खिशांत गेला, मोठा करून पाहता आला, त्यावर वर्तुळ काढता आलं. सहकाऱ्याची चूक होतीच, पण ती आमच्याच सवयीची चूक होती. तिचा आकार फक्त या वेळी दिसला.

नियतकालिकंवाले सर म्हणाले, सगळं बंद करा. आपलं काम पुस्तकांचं आहे. मॅडमचाही कल तिकडेच होता, कारण तक्रार वर गेली असती तर उत्तर त्यांना द्यावं लागलं असतं. मी विरोध केला. सुटीतल्या वेळा, परीक्षेतले बदल आणि घरून ई-नियतकालिकं कशी उघडायची यांची माहिती ग्रुपमुळे खरोखर पोचत होती. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतं. एका संदेशाने शंभर जणांची फेरी वाचत असेल तर तो संदेश ग्रंथालयाचंच काम आहे. माझ्या या म्हणण्याला थोडा स्वार्थही चिकटलेला होता. ‘२३ गोष्टी’ मीच आणल्या होत्या.

दुसरा पर्याय, ग्रुप ठेवायचा पण फक्त अ‍ॅडमिनने लिहायचं. यात शेरेबाजी थांबते, पण क्रमांक सगळ्यांना दिसतच राहतात. म्हणजे त्या विद्यार्थिनीचा प्रश्न जिथल्या तिथे. तिसरा, ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच संदेश प्रत्येकाला वेगवेगळा पाठवणं. तिथे एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत, पण एका यादीत २५६ च जण मावतात, आणि ज्याने आपला क्रमांक साठवून ठेवला आहे त्यालाच संदेश पोचतो. नवा विद्यार्थी ग्रंथालयाचा क्रमांक साठवेल, ही अपेक्षा मला भाबडी वाटली. चौथा, व्हॉट्सअ‍ॅपची वाहिनी. ही सोय २०२३ मध्ये आली होती. वाहिनी पाहणाऱ्याचा क्रमांक इतर पाहणाऱ्यांना कळत नाही, चालवणाऱ्यालाही कळत नाही. पण ती एकमार्गी असते. तिथे विद्यार्थी चिन्ह उमटवू शकतो, प्रश्न विचारू शकत नाही.

इथे आम्ही बराच वेळ अडकलो. घोषणा आणि प्रश्न या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि ग्रुपने त्या एकत्र कालवून ठेवल्या आहेत, हे लक्षात यायला दोन बैठका गेल्या. वेगळं केल्यावर उत्तर सोपं झालं: घोषणांसाठी वाहिनी, प्रश्नांसाठी ग्रंथालयाचा स्वतःचा फोन.

मुदत उलटल्याची आठवण हा मात्र तिसराच विषय होता, आणि तो कुठल्याच समाजमाध्यमाचा नव्हता. ती गोष्ट फक्त ग्रंथालय आणि तो एक वाचक यांच्यातली. तालिकीकरणवाल्या बाईंनी शांतपणे कोहाची मार्गदर्शिका उघडली. देय तारखेच्या आधी आणि मुदत उलटल्यावर वाचकाला आपोआप ईमेल पाठवायची सोय त्यात होती. पहिल्या दिवसापासून. आम्ही ती सुरूच केली नव्हती. समाजमाध्यमं शिकण्यात तीन महिन्यांचे तास घालवणाऱ्या आम्हाला आमच्याच टेबलावरची प्रणाली शिकायला एक तास मिळाला नव्हता.

काय केलं

आधी खात्यांच्या किल्ल्यांचा, म्हणजे पासवर्डांचा प्रश्न, कारण नऊ दिवस होते. ग्रंथालयाच्या नावाचा एक ईमेल पत्ता काढला, व्यक्तीचा नव्हे, पदाचा. प्रत्येक खातं त्या पत्त्यावर आणलं आणि मॅडम व मी अशा दोघींना प्रवेश दिला. दुहेरी पडताळणीचा कोड कुणाच्या वैयक्तिक सिमवर येऊ नये म्हणून ग्रंथालयाच्या फोनमध्ये पडताळणीचं अ‍ॅप घातलं. खातं परत मिळवण्याचे राखीव कोड कागदावर लिहून बंद पाकिटात कपाटात ठेवले. फेसबुक पानाचं हस्तांतर एका चहाच्या वेळात झालं. यूट्यूब वाहिनी मात्र सहकाऱ्याच्या खासगी खात्याला इतकी चिकटलेली होती की तिच्यावरचे चार व्हिडिओ उतरवून नव्या वाहिनीवर पुन्हा चढवणं सोपं गेलं.

मग बाईंच्या सूचनेवरून एक नोंदवही सुरू केली. पुस्तकांची दाखल नोंदवही असते तशी खात्यांची. दाखल क्रमांक, कोणतं व्यासपीठ, कधी उघडलं, कोणत्या ईमेलवर, कुणाकुणाला प्रवेश, कशासाठी, आणि शेवटचा रकाना: पुनरावलोकनाची तारीख. त्या तारखेला खात्याबद्दल एकच प्रश्न विचारायचा. गेल्या महिन्यात यामुळे कुणी वाचक आपल्याकडे आला का किंवा कुणी काही विचारलं का? उत्तर सलग दोनदा ‘नाही’ आलं तर निर्लेखन.

पहिल्या दोन फेऱ्यांतच ट्विटर, टेलिग्राम आणि फेसबुक पान गेलं. ट्विटरवर आम्ही नव्या पुस्तकांची नावं टाकत होतो आणि ती बहुतेक इतर ग्रंथपालच वाचत होते. एकमेकांची पाठ थोपटण्यासाठी ते छान होतं. जुने संदेश जपायचे का यावरही चर्चा झाली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० मध्ये सगळी सार्वजनिक ट्विट जपायला घेतली होती, आणि तिनेही २०१८ पासून निवडकच घ्यायचं ठरवलं. आम्ही आमची एक प्रत उतरवून ठेवली आणि विषय मिटवला. खातं पुसलं नाही, नाहीतर ते नाव दुसरं कुणी घेऊ शकलं असतं. ‘आता आम्ही इथे लिहीत नाही’ असा शेवटचा संदेश वर टाचून ठेवला.

टेलिग्रामच्या बाबतीत मात्र घाई झाली. वाहिनी थेट पुसून टाकली. सुरुवातीच्या उत्साहात आम्ही तिचा क्यूआर कोड छापलेल्या खूणपट्ट्या केल्या होत्या आणि पुस्तक देताना आत घालत होतो. त्या आमच्या लक्षातच नव्हत्या. वाहिनी गेली, खूणपट्ट्या राहिल्या. आता ज्या पत्त्याचे मालक आपण आहोत तोच पत्ता छापतो, म्हणजे ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरचं एक पान. तिथून पुढे कुठे पाठवायचं ते मागून केव्हाही बदलता येतं.

प्रश्नांसाठी एक साधा स्मार्टफोन आणि ग्रंथालयाच्या नावाचं सिम घेतलं. त्यात व्हॉट्सअ‍ॅपचं बिझनेस अ‍ॅप. वेळ संपल्यावर आपोआप जाणारं उत्तर लिहिलं: ‘ग्रंथालय आता बंद आहे, उद्या सकाळी उत्तर देऊ.’ बंद करताना फोन टेबलाच्या खणात जातो, घरी जात नाही. हा नियम मॅडमनी केला आणि तो सगळ्यांत जास्त कसोशीने पाळला गेला.

कोहातून ईमेल सुरू करण्यापूर्वी सभासदांचे पत्ते तपासायला घेतले तर निम्म्याहून जास्त नोंदींत रकाना रिकामा किंवा जुना. परिचर आणि मी पंधरा दिवस काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला ईमेल विचारत बसलो. कंटाळवाणं काम, पण सगळ्या प्रकरणातलं सगळ्यांत उपयोगी तेच ठरलं. त्याच वेळी वाचनाच्या इतिहासाचा पर्यायही सुरू केला. वाचकाने आधी नेलेल्या पुस्तकांची नोंद कायम ठेवायची, ठरावीक काळ ठेवायची की पुस्तक परत येताच पुसायची, हे कोहात त्याला स्वतःला ठरवता येतं. मॅडमना भीती होती की यामुळे आकडेवारी जाईल. ती जात नाही. पुस्तक किती वेळा गेलं ते राहतं, कुणी नेलं ते जातं.

आठवड्याचा तास बंद केला नाही, पण त्याची दिशा बदलली. दोन आठवडे काउंटरवरच्या प्रत्येक प्रश्नाची कागदावर नोंद केली. सर्वांत वर आले ते असे: हे पुस्तक आत आहे का, घरून ई-नियतकालिकं कशी उघडायची, मुदत कशी वाढवायची, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका कुठे मिळतील. यातला एकही प्रश्न इन्स्टाग्रामने सुटणारा नव्हता. तीन प्रश्नांसाठी पडद्यावर काय करायचं ते दाखवणाऱ्या दीड-दीड मिनिटांच्या चित्रफिती केल्या, चौथ्यासाठी संकेतस्थळावर एक पान. चित्रफितींखाली मथळे, म्हणजे बोललेल्या शब्दांच्या ओळी, घालायचं सुचलं ते एका अंध विद्यार्थ्यामुळे. तो सहज म्हणाला होता, ‘तुम्ही सूचना चित्रात लिहून टाकता, माझा फोन नुसतं “चित्र” म्हणतो.’ त्यानंतर प्रत्येक सूचना आधी मजकुरात आणि चित्र असलंच तर त्याला वर्णन. मथळे ओघाने आले, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी.

निष्पत्ती

ग्रुपवर जितके होते त्याहून कमी जण वाहिनीवर आले. मॅडम थोड्या खट्टू झाल्या. मला ते प्रामाणिक वाटलं, कारण ग्रुपमध्ये निम्मे जण बाहेर पडायचा संकोच वाटतो म्हणून होते.

ईमेलचा पहिला महिना गोंधळाचा गेला. बरेच ईमेल परत आले, काही विद्यार्थ्यांना पुस्तक जमा केल्यानंतर आठवण गेली. दुसऱ्या सत्रापर्यंत ते स्थिरावलं. देय तारखेच्या आधी जाणारा ईमेल मुदत उलटल्यावरच्या ईमेलपेक्षा जास्त पुस्तकं परत आणतो असा आमचा अनुभव. काउंटरवरची हुज्जत कमी झाली हे तर परिचरानेच सांगितलं, आणि हुज्जत त्यालाच ऐकावी लागत होती.

इन्स्टाग्राम टिकलं, वेगळ्याच कारणासाठी. मजकुरातल्या दुव्यावर तिथे टिचकी मारता येत नाही, म्हणून नव्या पुस्तकांच्या याद्या तिथे मेल्याच. पण बाईंच्या कपाटात महाविद्यालयाची जुनी छायाचित्रं होती, बहुतेकांवर ना वर्ष ना नावं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये सुमारे ३,००० जुनी छायाचित्रं फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ठेवून लोकांना टॅग लावायला सांगितलं होतं, ते मला आठवलं. आम्ही दर आठवड्याला एक छायाचित्र टाकू लागलो, सोबत एकच ओळ: ‘हे कुठलं आणि कधीचं?’ जुने विद्यार्थी उत्तरं देऊ लागले. इमारतीला जिना नव्हता तेव्हाचं, ते झाड अमुक वर्षी पडलं त्याआधीचं. बाई त्या उत्तरांची पडताळणी करून छायाचित्रांची नोंद पूर्ण करतात. साठीच्या पुढच्या, सुरुवातीला सगळ्यांत नाराज असलेल्या बाई. जिवंत माणसं ओळखू येतील अशी छायाचित्रं त्या स्वतःच बाजूला काढतात, त्यांना काही सांगावं लागलं नाही.

तो मुलगा त्या वर्षी पुन्हा काउंटरवर आला नाही. त्याचं सभासदत्व चालू होतं, पुस्तक नेल्याची नोंद नव्हती.

पुन्हा करायचं झालं तर

खाती उघडण्याआधी प्रश्नांची नोंद करेन. आम्ही ती सगळ्यात शेवटी केली, आणि तिच्यातून जे दिसलं ते पाहता सातांपैकी चार खाती उघडलीच नसती.

माफीनाम्यात ‘चुकीची’ लिहिणार नाही. ‘सभासदांची खासगी माहिती आम्ही सर्वांसमोर टाकली, ते आमच्या कामाच्या नियमांविरुद्ध होतं’ असं लिहीन. त्याआधी त्या विद्यार्थ्याला विचारेन की ग्रुपवर काही लिहिलेलं त्याला हवं आहे का. आम्ही खुलासा टाकून त्याच्याकडे पुन्हा एकदा सगळ्यांचं लक्ष वळवलं, आणि त्याला न विचारता.

सहकाऱ्याला त्या बैठकीत एकट्याला उत्तर द्यायला लावणार नाही. त्याचा वैयक्तिक क्रमांक वर्षभर ग्रंथालयाचा क्रमांक होता, रात्रीची उत्तरं तो देत होता, आणि चूक झाली तेव्हा ती त्याची झाली. जाताना तो मला म्हणाला, ‘क्रमांक बदलावा लागेल आता.’ त्याला नव्या नोकरीवरही आमच्या विद्यार्थ्यांचे संदेश जात राहिले.

आणि सूचना फलक. ग्रुपवरून यादी गेली, ईमेल सुरू झाले, नोंदवही झाली, या सगळ्याचा आम्ही अहवालही लिहिला. काचेतली छापील यादी मात्र पुढचं पूर्ण सत्र लागत राहिली, नावं आणि शीर्षकांसकट. कुणालाच खटकली नाही. एका नव्या विद्यार्थ्याने काउंटरवर विचारलं, ‘मला ईमेल आला होता, मग माझं नाव बाहेर का लावलंय?’ तेव्हा परिचर किल्ली घेऊन गेला आणि कागद उतरवला. आता तिथे वाचनकक्षाच्या वेळा असतात.

टेलिग्रामच्या खूणपट्ट्या अजून येतात. परत आलेलं पुस्तक उघडून पाहताना सापडली की आम्ही ती काढून एका खोक्यात टाकतो.